द्राक्षं होऊ द्या

आक्कांना विचार करत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जे काय ठरवायचं ते त्या चालता चालता ठरवायच्या आणि ठरलं की त्यावर पुन्हा बोलायच्या नाहीत. नारायणगावच्या अलीकडे आमची द्राक्षबाग आहे. लग्न होऊन मी पुण्याहून इथे आले त्या वर्षापासून बागेच्या कामाला त्यांचीच टोळी यायची. टोळी म्हणजे पिकअपभर बाया आणि पुढच्या सीटवर आक्का. त्या मुकादम होत्या. आज कुणाच्या शेतावर जायचं, कात्री कुणी धरायची, क्रेट कुणी उचलायचे, कुणाचं लेकरू तापलंय म्हणून तिला घरी ठेवायचं, हे सगळं त्या सांगायच्या. गाडी रशीदभाईंची होती, पण ती कधी निघणार हे रशीदभाईंच्या हातात नव्हतं. "आपुन फक्त इस्टेरिंग धरायचं, वैनी," ते मला म्हणायचे.

दिसायला त्या काही भारदस्त नव्हत्या. बुटक्या, काटक, साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला टॉवेल. शर्ट नवऱ्याचे. तो वारल्यावर त्याचे सगळे शर्ट त्यांनी शेतात वापरून वापरून फाडले. "कुनाला देऊन काय करू, मलाच व्हत्यात," एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं होतं.

दिवाळीच्या आधी बागेची छाटणी होते, मग थंडीत विरळणी, आणि होळीच्या आसपास माल निघतो. विरळणी म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढून उरलेल्यांना जागा करून देणं. मीही हौसेने कात्री घेऊन उभी राहायचे आणि एकेका घडाकडे बघत बसायचे, कुठला मणी ठेवू आणि कुठला काढू. तोवर आक्कांची अख्खी ओळ झालेली असायची. "वैनी, तुमी घडाला इचारत बसता. घड काय बोलनार हाय?" बाया हसायच्या, मीही हसायचे. आमच्या घरातल्या गोष्टीसुद्धा त्यांनी अशाच उरकल्या. माझ्या मुलीला कुठल्या शाळेत घालायचं यावरून घरात धुसफूस चालली होती. आक्कांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, "जवळची बघा. उसातनं पोर यायला नको." तेवढ्यावर तो विषय मिटला.

इकडे उसात बिबट्या असतो, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या बागेकडून डांबरी रस्त्याला जाणारी वाट दोन्ही बाजूंनी ऊस असलेली आहे. संध्याकाळी पिकअप आत न येता रस्त्यावरच थांबायची; काम सुटलं की बाया एका ओळीत निघायच्या, मोठ्याने बोलत, मोबाइलवर गाणी लावून, कारण आवाज असला की तो सहसा वाटेवर येत नाही. सगळ्यांत पुढे काठी आपटत आक्का. शेवटी राहायला कुणीच तयार नसायचं, म्हणून तो क्रम रोज बदलायचा, आणि तोही आक्काच लावून द्यायच्या.

बायकांच्या दुखण्यातही त्यांचाच शब्द चालायचा. टोळीतली एखादी कंबर धरून बसली, अंगावरून जातंय म्हणाली, की आक्का तिला दवाखान्यात न्यायच्या, आणि तिथल्या डॉक्टरने पिशवी काढायला सांगितलं की हो म्हणून मोकळ्या व्हायच्या. गर्भाशयाला इकडे सगळ्या पिशवीच म्हणतात. लेकरं झाली, आता त्या पिशवीचं काम काय, उगाच महिन्याच्या महिन्याला खाडा, असा सरळ हिशेब. टोळीत पिशवी काढलेल्या बऱ्याच जणी होत्या. त्यांतली एक आक्कांची धाकटी जाऊ, सुनंदा.

सुनंदाची गोष्ट मला आक्कांनी कधीच सांगितली नाही, टोळीतल्या बायांकडून कळली. ती तिशीच्या आतली होती, पदरात दोन मुली. अंगावरून पांढरं जायचं, एवढीच तक्रार. हायवेवरच्या एका डॉक्टरने मशीनवर बघितलं आणि म्हणाला, पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. त्याने ना पिशवीचा तुकडा काढून तपासला, ना औषध देऊन पाहिलं. सुनंदा आत टेबलावर होती आणि आक्का बाहेर. डॉक्टरने बाहेर येऊन विचारलं, आक्का म्हणाल्या काढा. पिशवीबरोबर दोन्ही बाजूच्या गाठीही, ज्यांना डॉक्टर बीजाशय म्हणतात, त्याही गेल्या. नंतर तपासणीत कळलं की आत काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाला, चांगलंच झालं की मग.

सुनंदा त्यानंतर पहिल्यासारखी झाली नाही. ऐन थंडीत तिला घाम फुटायचा, हाडं ठणकायची, हात वर करून वेलीखाली फार वेळ उभं राहता यायचं नाही. आक्का तिला कायम सावलीतलं, बसून करायचं काम द्यायच्या. त्या दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलायच्या. सुनंदा क्रेटमध्ये कागद लावत असली की आक्का त्या बाजूला शक्यतो जायच्याच नाहीत, हे मी पाहिलेलं आहे.

एका वर्षी विरळणीच्या दिवसांत आक्का रोज गडद रंगाची साडी नेसून यायला लागल्या. मध्येच ओळ सोडून पाण्याच्या टाकीकडे जायच्या आणि बऱ्याच वेळाने यायच्या. त्यांची पाळी जाऊन वर्षं झाली होती. मी एकदा मागोमाग गेले. त्या कापड धूत होत्या आणि खालून वाहणारं पाणी लाल होतं. मला बघून त्यांनी नळ मोठा केला. "उष्णता झालीया," म्हणाल्या. "सब्जा घेतीया मी." कधीपासून, असं विचारल्यावर त्या उठल्या आणि कामाला लागल्या.

मी जवळजवळ भांडूनच त्यांना नारायणगावच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई शांत होत्या. त्यांनी सोनोग्राफी केली, तुकडा काढून पुण्याला पाठवला, आणि रिपोर्ट आल्यावर आम्हाला समोर बसवून सांगितलं, "पिशवीच्या अस्तरातल्या पेशी बिघडल्यात. पिशवी काढायला हवी, आणि लवकर. नाहीतर कॅन्सर होईल."

आक्का एकदम ताठ झाल्या. "झालाय का व्हनार हाय?"

"एखाद्या कोपऱ्यात झालेलाही असेल. ते पिशवी काढून तपासल्यावरच नक्की कळेल."

"म्हंजे काढून बघायचं," आक्का म्हणाल्या. "सुनंदीचीबी काढूनच बघितली व्हती."

डॉक्टरीणबाईंना संदर्भ माहीत नव्हता, त्या माझ्याकडे बघत राहिल्या. परत येताना रशीदभाईंच्या गाडीत मी समजावलं. तेव्हा तुकडा तपासला नव्हता, आता तपासलाय. तेव्हा नुसती भीती घातली होती, आता कागदावर आलंय. आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. "तुमचं खरं आसंल, वैनी. पन वाक्य तेच हाय. मी तेच वाक्य आयकून हो म्हनले व्हते." मग म्हणाल्या, "बघू. द्राक्षं होऊ द्या."

आक्कांच्या तोंडून 'बघू' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. रशीदभाईंनीही ऐकला असणार, कारण त्यांनी गाडी उगाचच हळू केली.

त्या दिवसापासून बागेत काहीतरी बिघडलं. आक्का घडासमोर उभ्या राहायच्या आणि कात्री हवेतच थांबायची. बाया विचारायच्या, "आक्का, उद्या कुटं?" आणि उत्तर यायला वेळ लागायचा. मला त्यांचा राग यायचा आणि भीतीही वाटायची. रोज सकाळी पिकअपचा आवाज आला की मी आधी पुढच्या सीटकडे बघायचे. त्यांचा चेहरा पिवळट होत चालला होता. ऑपरेशनचं काढलं की म्हणायच्या, "मी काय न्हाई म्हनलंय का?" हो मात्र म्हणायच्या नाहीत.

माल निघायच्या सुमाराला एका संध्याकाळी मी गच्चीवरून बायांना जाताना पाहिलं. गाणी चालू होती, बोलणं चालू होतं, आणि काठी सुनंदाच्या हातात होती. ओळ उसात शिरली. बरंच अंतर ठेवून, सगळ्यांच्या मागे, एकट्या आक्का चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी त्यांना अडवलं आणि म्हटलं, आक्का, मागे राहणाऱ्यावरच बिबट्याचं लक्ष असतं, हे तुम्हीच सगळ्यांना सांगता. त्या खाली बघून म्हणाल्या, "अंगाला वास येतो, वैनी. बाया बोलत न्हाईत, पन नाकाला पदर लावत्यात. कशाला त्यांला तरास." त्या उसात दिसेनाशा झाल्या तरी मी तिथेच उभी होते, आणि काहीच हललं नाही तरी मला धीर आला नाही.

द्राक्षं झाली. मग टोमॅटोच्या लावणीचं निमित्त निघालं, मग कुणाच्या तरी लग्नाचं. पावसाळ्याच्या तोंडाला एका दुपारी आक्का आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. मी चहा आणून ठेवला, त्यांनी तो घेतला नाही. तेवढ्यात सुनंदा आली. ती कधी आमच्या ओट्यावर बसायची नाही, त्या दिवशी थेट आक्कांच्या समोर जाऊन बसली.

"ऑपरेशन कवा करायचं?"

"बघू," आक्का म्हणाल्या.

"मला नेलं तवा बघू म्हनला न्हाईत. मला इचारलंबी न्हाई." सुनंदाचा आवाज चढला नव्हता. "डॉक्टर खोटं बोलला, माझं नुसकान झालं. झालं ते झालं. पन त्यो खोटा व्हता म्हून ही डॉक्टरीनबी खोटीच आसंल, आसं कुटं आसतं? माझ्यापायी तुमी आंगावर काढताय, म्हाईत हाय मला. उद्या तुमचं काय झालं तर तेबी मीच वागवायचं का? एवढं वागवती त्ये काय कमी हाय?"

इतक्या वर्षांत त्या दोघींमध्ये हे बोलणं झालंच नव्हतं, ते माझ्या ओट्यावर झालं. आक्का सुनंदाकडे बघत होत्या. तिच्या कपाळावर घाम आला होता. आक्कांनी डोक्याचा टॉवेल काढून तिच्यापुढे धरला. मग विचारलं, "तू येशील का संगं?" मला वाटतं, त्यांनी सुनंदाला कशाबद्दल तरी विचारण्याची ती पहिलीच वेळ.

सुनंदा गेली. पुण्याला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. आत गेल्यावर दिसलं की ते पिशवीपुरतं राहिलं नव्हतं. मग किरणं झाली, सलाइनमधून औषधं झाली, आक्कांचे केस गेले. डोक्याला टॉवेल आधीपासूनच असायचा, त्यामुळे पहिल्यांदा बघताना मला फरक कळला नाही, आणि कळला तेव्हा मला माझे डोळे लपवता आले नाहीत. "वैनी, बागंत बघा आता, इथं काय बघायचं," त्या म्हणाल्या. मी एकदा डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, द्राक्षांच्या आधी आलो असतो तर? त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की असं नक्की सांगता येत नाही. आक्कांनी मात्र हा प्रश्न कुणालाच विचारला नाही.

पुढच्या वर्षीच्या विरळणीला टोळी आली ती सुनंदाबरोबर. पुढची सीट रिकामी ठेवून सगळ्या मागे दाटीवाटीने बसल्या होत्या. तो माल निघाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आक्का गेल्या. सुनंदा त्यांच्या उशाशी होती. शेवटी काही बोलल्या का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "पानी मागितलं."

दहाव्याला नदीच्या घाटावर पुष्कळ माणूस जमलं. महाराजांचं प्रवचन झालं, मग माइकवरून श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. आक्कांना ओळखत नसलेले पुढारीही बराच वेळ बोलले. टोळीतल्या बाया एका बाजूला बसल्या होत्या. त्यांतली शोभा उठून माझ्याजवळ आली. तरतरीत बाई, नेहमी सगळ्यांना हसवणारी, क्रेट उचलायला कायम पहिली. तिने पदर तोंडाशी धरला होता. "वैनी, जरा बाजूला येता का?"

आम्ही घाटाच्या भिंतीकडे गेलो. मागे वळून पाहिलं तर आणखी दोघी उठून आमच्याकडे निघाल्या होत्या, आणि मध्येच अंतर ठेवून थांबल्या. शोभाने त्यांच्याकडे पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाली, "माझंबी आंगावरनं जातंय. लाल."

"कधीपासून?"

"छाटनीपासनं," ती म्हणाली. "आक्कांना इचारनार व्हते. पन त्यांनाच बरं नव्हतं."