कोरड्या राहिलेल्या काठ्या

दादा गेल्याची बातमी मला हबीबने सांगितली. हबीब म्हणजे दादांच्या हॉकी संघाचा गोलकीपर. वीस वर्षं तो आमच्या घरी येत होता, पण समोरच्या बैठकीत. मागच्या दारी कधी आला नव्हता. त्या दुपारी खामगावहून आलेल्या एस.टी.तून सगळा संघ उतरला आणि तो एकटाच घराला वळसा घालून मागच्या अंगणात आला. मी ज्वारी पाखडत होते. त्याला पाहून पदर सावरत आत सरकले, तर तो म्हणाला, "बाई, आत नोका जाऊ. दादासाहेब गेले..." अर्धा खेळ झाला होता. मैदानाच्या कडेला खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. मागून मोटारीत आणत होते. माझ्या तोंडून काय निघावं? मी विचारलं, "जिंकलं कोण?" हबीबने मान खाली घातली. "पुढं खेळलोच नाही, बाई."

याला आता दीड महिना झाला. शोकसभा मैदानावर झाली, भोंग्यातून सगळी भाषणं मला स्वयंपाकघरात ऐकू येत होती. जळगाव जामोदसारख्या गावात दादांनी हॉकीचा संघ उभा केला, विणकर, मास्तर, पोलीस, खाटिक एका रांगेत खेळवले. मुलींच्या शाळेला आपली जमीन दिली. डोळ्यांचे डॉक्टर गावात आणले. दरवर्षी गणपतीत नाटक बसवलं, स्वतः पेटी वाजवली. सगळं खरं आहे. एक अक्षर खोटं नाही. मी त्यांची धाकटी बहीण, मलाही त्यांनी खूप दिलं. एकोणिसाव्या वर्षी माझ्या नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा दादा स्वतः छकडा घेऊन आले आणि सासऱ्यांच्या तोंडावर म्हणाले, "माही बहीण मले ओझं नाही. चाल व सुभद्रा." त्या दिवसापासून या घरात मला कोणी वाकडा शब्द बोललं नाही. आणि त्या दिवसापासून मी विहिरीच्या आणि मारुतीच्या देवळाच्या पुढे गेले नाही. दादांची बहीण रस्त्याने हिंडते, हे गावाला दिसायला नको होतं.

संघाच्या काठ्या माझ्याकडे असत. उन्हाळा लागला की काठीच्या वाकड्या भागाला रोज जवसाचं तेल चोळायचं, सावलीत उभी करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा चोळायचं. असा महिना गेला की लाकूड तेल पिऊन घट्ट होतं, मग कितीही मार बसो, चिरत नाही. मुठीला सुती पट्टी गुंडाळायची तीही मीच. कोणाचा हात घामट, कोण काठी खाली धरतो, हे मला पट्टीच्या मळावरून कळे. खेळ मात्र मी एकदाही पाहिला नाही. मैदानावर बायकांना जागा नव्हती. नाटकाचंही तसंच. बायकांची कामं पुरुषच करत आणि त्यांना माझी लुगडी जात. माझं अंजिरी लुगडं तीन वर्षं राणी होऊन मंचावर गेलं. मी घरी बसून त्याच्या निऱ्यांना लागलेला रंग धूत होते.

मुलींच्या शाळेत बालवाडी सुरू करायची ठरली त्या वर्षी बुलढाण्याहून एक बाई आल्या होत्या. आमच्याकडेच उतरल्या. शेजारच्या पोरी माझ्याजवळ पाटीवर अक्षरं गिरवत बसत, ते त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "चौथी झाली आहे ना तुमची? पुरे आहे. सहा महिन्यांचं शिक्षण घ्या, इथेच लागाल." फॉर्म माझ्या हातात दिला. माझ्या नावापुढे पालकाची सही हवी होती. मी तो दादांपुढे ठेवला. मला वाटलं होतं ते रागावतील. ते हसले. "अरे वा! बाई मास्तरीण होऊन राह्यली आमची! करतो ना सही. एवढी टूर्नामेंट होऊ दे." टूर्नामेंट झाली. मग डोळ्यांचं शिबिर आलं. मग नाटकाच्या तालमी. मी विचारलं की म्हणत, "काऊन घाई करतं? फॉर्म कुठी पळून चालला?" एकदा बैठकीतल्या लोकांना सांगताना मी ऐकलं, "ते गेली तं काठ्या कोण पाहीन? साऱ्या जिल्ह्यात अशी काठी नाही." लोक वाहवा म्हणाले. मलाही बरं वाटलं... तेच मला आज सहन होत नाही. फॉर्मची तारीख निघून गेली.

त्या उन्हाळ्यात मी काठ्यांना तेल चोळलं नाही. दादा सोडून हे आजवर कोणाला कळलं नाही. रोज सकाळी बाटली घेऊन मागच्या पडवीत बसे, वरून नुसता तेलाचा हात फिरवी आणि उठे. काठ्या दिसायला चकाचक. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात चार काठ्या चिरल्या. एकीची ढलपी उडून संघातल्या मास्तरांच्या भुवईवर बसली, डोळा थोडक्यात वाचला. संध्याकाळी दादा एक मोडकी काठी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले. चिरेवर अंगठा फिरवत राहिले.

"कोरड्या राह्यल्या वाटते, सुभद्रा."

मी म्हटलं, "हाव."

"इसरली का?"

"नाही."

भाकर तव्यावर करपली तरी मी उलटली नाही. मग दादा म्हणाले, "माह्यावरचा राग मास्तराच्या डोळ्यावर काहाले काढतं? मले मारती एक काठी." आणि हसायला गेले, पण हसू नीट आलं नाही. मला वाटलं, आता म्हणतील, आण तो फॉर्म. पुढच्या वर्षी पाठवू. ते म्हणाले, "जवसाचं तेल संपलं असन तं सांगजो, घाणीवरून आणवतो." दुसऱ्या दिवशी डबा आला. मी पुन्हा तेल चोळायला बसले. मास्तर भुवईला पट्टी बांधून बैठकीत बसलेले दिसत होते, त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. त्यानंतर मी कधी सहीचं नाव काढलं नाही, आणि एकही काठी चिरू दिली नाही.

परवा शाळेच्या मोठ्या बाईंची चिठ्ठी आली. बालवाडीला मदतनीस हवी आहे, शिक्षणाची अट नाही, कोणाची सही लागत नाही, सोमवारी या. वहिनींना दाखवली. रडून रडून त्यांचा आवाज बसला आहे. म्हणाल्या, "जा ना व. आता कोण अडवते तुले?" सोमवारी मी धुतलेलं लुगडं नेसले, वहिनींच्या चपला पायात घातल्या. बाहेर जायचं तर बैठकीतून जावं लागतं. तिथे दादा खिडकीजवळ पेपर वाचत बसत, आणि कोणी बाहेर निघालं की पेपरातून डोकं न काढता विचारत, "कुठी चालली?" रागाने नाही, सवयीने. वहिनी सांगत, बाजारात. पोरं सांगत, शाळेत. विहीर नि देऊळ सोडलं तर माझ्यापाशी सांगायला काही नसे.

खिडकीजवळ कोणी नव्हतं. पेपर मात्र अजून येतो, घडी न मोडता कोनाड्यात रचून ठेवतात. मी उंबऱ्यापर्यंत गेले. रस्त्यावर ऊन होतं, शाळेची घंटा होत होती. आणि कोणी काही विचारलं नसताना माझ्याच तोंडून निघालं, "कुठी नाही, दादा."

मग मी चपला काढल्या आणि आत आले.