टाकणखार, ट्रकचा पाटा आणि सिल्लोडची ऐरण

मी लोहारकाम शिकलेय, ही बातमी आमच्या घराण्यात माझ्यापेक्षा पुष्कळ वेगानं फिरते. प्रत्यक्षात एका हौशी शिबिरात शनिवार-रविवार घालवून मी भिंतीवरचा एक आकडा केला होता. आकडा वाकडा आला, प्रमाणपत्र मात्र सरळ मिळालं.

त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर दादानं मला नाशिकहून बोलावलं. माझा हा थोरला भाऊ सिल्लोडजवळच्या खेड्यात शेळ्या पाळतो. त्याचे लहानपणापासूनचे दोस्त, नामदेव लोहार, दिवाळीनंतर वारले. तेव्हापासून दादा धड जेवत नाही, बोलत नाही, असं वहिनी सांगत होत्या. त्यात नामदेवांच्या पत्नी हौसाबाई भट्टी आणि ऐरण भंगारात घालायला निघाल्या. दादानं अडवलं, तर म्हणाल्या, "नुसती धूळ खात ठेवून काय करू? एक कुऱ्हाड करून दावा, मंग ठेवते."

"तू शिकलीस ना?" दादा फोनवर म्हणाला. "ये मग."

सकाळची रेल्वे पकडली. लासूर स्टेशन येईपर्यंत मी मोबाइलवर जोडकामाचे व्हिडिओ बघत होते. विमानात बसल्यावर पोहण्याचं पुस्तक वाचावं, तितकाच त्याचा उपयोग झाला.

संभाजीनगरला उतरून आधी सामान घेतलं. लोखंड भट्टीत जोडायचं तर सांध्यावर टाकणखार लागतो. तो वितळून काचेसारखा पसरतो आणि लोखंडावर पापुद्रा धरू देत नाही. काष्ठौषधींच्या दुकानात तो मिळाला.

"सुहागा होना? सोने का काम है क्या?" दुकानदार चाचांनी विचारलं.

"नाही, लोखंड जोडायचंय."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "वेल्डिंगवाला सामनेच बैठता, बाई. चुटकी का काम."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मी विषय बदलला.

कुऱ्हाडीच्या धारेला कडक पोलाद हवं, म्हणून भंगार बाजारातून ट्रकच्या कमानीचा पाटा घेतला आणि अंगासाठी साध्या लोखंडाची नवी पट्टी. तुम्ही हे करणार असाल तर जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड घेऊ नका, त्याचा धूर विषारी असतो. दुपारी तिथला मटणाचा नान-खलिया खाल्ला. या सहलीत बिनचूक जमलेली तेवढी एकच गोष्ट. सिल्लोडच्या एसटीत बाईला अर्धं तिकीट, पाट्याला मात्र पूर्ण संशय. तो पायाशी ठेवू द्यावा म्हणून कंडक्टरला बराच वेळ समजवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटवली. नामदेवांना सगळं येत होतं, आणि नेमके तेच नव्हते. हौसाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मला काय ठावं? मी नुसता भाता वढला." त्या पुन्हा भात्याशी बसल्या. दादानं घण घेतला.

पट्टी दुमडून दांड्याचं भोक सोडलं आणि पुढं मधोमध पाट्याचा तुकडा बसवला. लाल झाल्यावर टाकणखार भुरभुरला. मग मी दादाला समजावत बसले, तेवढ्यात भट्टीतून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या. पाटा जळाला होता.

"हे पन शिबिरात शिकवलं का?" दादानं विचारलं.

दुसऱ्यांदा नवा तुकडा बसवला आणि पिवळाधमक रंग येताच बाहेर काढलं. पहिले घाव हलके घालायचे असतात. दादानं जन्माचा राग काढावा तसा घण हाणला आणि तुकडा सटकून उकिरड्यात गेला. तिसऱ्यांदा आणखी एक तुकडा कापून बसवला. हलके घाव, पुन्हा टाकणखार, पुन्हा ताव. जोड बसला.

मग पाणी देणं. धार तापवत लोहचुंबक लावत राहायचं, ते चिकटेनासं झालं की कोमट तेलात बुडवायचं. पण अशी धार काचेसारखी ठिसूळ असते. म्हणून ती घासून उजळली आणि मागून परत शेक दिला. गव्हाच्या काडीचा रंग आला, त्यावर जांभळट झाक चढली, तिथं थांबलो आणि दांडा बसवला.

हौसाबाईंनी बाभळीचं लाकूड पुढं केलं. दादानं घाव घातला. लाकूड फुटलं आणि कुऱ्हाडीच्या कोपऱ्यात जोडही उघडला, नख जाईल इतका. हौसाबाईंनी तिथं नख घालून पाहिलं.

"उघडली की," त्या म्हणाल्या.

दादा खाली बसला. "न्या मग भंगारात."

"भंगारवाला काय मला दूध देनार हाय?" हौसाबाई म्हणाल्या. "एक दुभती शेळी द्या आन् न्या समदं तुमच्या गोठ्यात."

दादा उठून उभा राहिला. "आधी कामून नाय बोललात?"

"तुमी इचारलंच नाय. निस्तं नका इकू, नका इकू."

संध्याकाळी ऐरण बैलगाडीतून दादाच्या गोठ्यात गेली आणि शेळी आपल्या पायांनी हौसाबाईंकडे.

नाशिकला परतल्यावर नवऱ्यानं विचारलं, काय करून आलीस? ठिणग्यांनी ओढणीला पडलेली भोकं दाखवली. कुऱ्हाडीबद्दल सांगण्यासारखं फार नव्हतं. हे वाचून कुणी निघणार असेल तर जास्तीचा पाटा घेऊन जा.

आठवड्यानंतर वहिनींना फोन केला. दादा कुठंय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "गोठ्यात. सकाळधरनं ठोकतोय. जोड काय बसंना." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आन् भाकर तिकडंच मागितली, दोनदा."