दादाची टाकी फुगली तेव्हा

चहाला उशीर झाला म्हणून कुरकुरू नका. प्या सावकाश. फक्त घोट तोंडात असताना हसू नका, कारण मी जे करून बसलो ते ऐकलंत तर ठसका लागेल. अख्खी दिघी अजून हसतेय, तुम्हीच कशाला मागं राहता!

आमचा थोरला दादा भोसरीच्या एका कारखान्यात वेल्डर. आमच्या आळीत गोबरगॅस पहिल्यांदा त्यानं आणला. गोठ्यामागं विहिरीसारखा गोल खड्डा बांधला, त्यात शेणकाला, आणि त्यावर पालथ्या पातेल्यासारखी लोखंडी टाकी. टाकी त्यानं स्वतः जोडली, सुट्टीच्या दिवशी बसून. शेण कुजलं की गॅस सुटतो, टाकीखाली साठतो, टाकी वर तरंगते. तिथून नळीनं गॅस वहिनीच्या शेगडीला. दादा मला हे सगळं समजावून सांगायचा. मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस. मान हलवायचो आणि मनात म्हशी मोजायचो.

गेल्या महिन्यात दादा गेला. कावीळ झाली आणि… जाऊ द्या. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाला होता, "बबन, टाकीला उपाशी ठेवू नको." मी म्हणालो, नाही ठेवणार.

आता हा बबन शब्दाचा पक्का! दादाला अग्नी दिला, त्याच्या दुसऱ्या सकाळपासून म्हशींचं होतं नव्हतं तेवढं शेण कालवून टाकीत. शेजारच्या गोठ्यातलंही मागून आणलं. दादा मापानं घालायचा, मी मायेनं घालत होतो.

आणि इकडं सुतक. आमच्यात दहावा होईपर्यंत घरात जाळ करत नाहीत. भाकरी-पिठलं भावकीतून यायचं, चहासुद्धा शेजारून. वहिनी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली. स्वयंपाकघराकडं कुणी फिरकत नव्हतं. म्हणजे टाकी पोटभर खातेय आणि गॅस कुणीच जाळत नाही! हे माझ्या डोक्यात यायला नको? पण डोकं होतं कुठं जागेवर?

आधी टाकी वीतभर वर आली. मला बरं वाटलं, म्हटलं, अंगी लागतंय हिच्या. मग ती कमरेएवढी झाली. मग एका सकाळी कडेच्या राडीतून बुडबुडे यायला लागले, आत बसून कुणी गुळण्या करतंय असे. वास तर असा की आमचं कुत्रं लांबून वळसा घालून गेलं.

दिघीतल्या माणसाला स्फोट म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. पलीकडं मिलिटरीची जागा. तिकडं धडाम झालं की आमच्या मांडणीवरची भांडी वाजतात. घरात गॅस शिरू नये म्हणून नळीचा कॉक घट्ट आवळला, वर सुतळी गुंडाळली. टाकीवर दगड ठेवले. बुडबुडे कमी झाले? उलट वाढले.

आणि मग तो पंजा दिसला.

टाकीला काळा रंग देताना दादाचा तोल गेला होता. ओल्या रंगात, अगदी खालच्या काठाजवळ, त्याचा पंजा उमटला. मी पुसायला निघालो तर म्हणाला, राहू दे, शेणात कोण बघायला जातंय. तेव्हापासून तो शेणातच होता. त्या सकाळी तो वर आला. आधी बोटं, मग तळवा.

तुम्ही असता तर काय केलं असतंत? दादा खालून हात दाखवत होता. थांब म्हणत होता, का चल म्हणत होता?

मी पळालो. आळीभर ओरडत सुटलो, टाकी फुटतेय, चुली विझवा, बिड्या विझवा, पोरं घेऊन बाहेर पडा. आणि लोक पडले की हो बाहेर! कुणी बकरी घेऊन, कुणी कणकेची परात घेऊन. वहिनी तेवढी जागची हलेना. पोरंही तिला चिकटून. मग मी पहार उचलली. दादानं जोडलेली टाकी दादाच्याच भावानं फोडायची, दुसरा इलाज नव्हता.

नाक्यावर स्कुटर दुरुस्त करणारे हमीदचाचा, दादाचे जिवलग. त्यांनी मागून येऊन माझं मनगट धरलं. "पागल झालास का? लोखंडावर लोखंड मारतोस, ठिणगी उडाली म्हणजे?"

पहार चाचांकडं गेली. मग मी काय केलं? टाकीवर चढलो. टाकी ज्यावर वर-खाली सरकते त्या मधल्या पाइपाला मिठी मारून बसलो. फुटायची असेल तर माझ्यासकट फूट!

चाचांनी खालून विचारलं, "शेण रोज घालतोस?"

"रोज."

"आणि शेगडी?"

"सुतक आहे ना, चाचा."

चाचांनी पहार गोठ्याच्या भिंतीला टेकवली. मग म्हणाले, गॅस जाळा, दुसरं काही करायचं नाही.

आमची आत्या दारात आडवी. "न्हाई जमायचं. धाव्याच्या आत घरात जाळ? त्याच्या जिवाला शांती मिळंल का?"

आळी बाहेर ताटकळलेली, बकरी ओरडतेय, माझ्याखाली बुडबुड चाललेली. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत वहिनी दिसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा उभी.

"आत्याबाई, चूल नाही पेटवत मी. ती तशीच राहू दे. ही शेगडी आहे. माझे डोळे धुरातून सुटावेत म्हणून आणली होती त्यांनी."

आत्या दारातून बाजूला सरकली. शेगडीचा नियम तिला कुणी सांगितलेलाच नव्हता.

वहिनीनं शेगडीच्या कॉकवरची सुतळी कापली, कॉक उघडला. काडी ओढल्याचा आवाज मला टाकीवर ऐकू आला. मी डोळे मिटले, दादाचं नाव घेतलं.

काही झालं नाही. चहाचा वास आला.

बाहेर आळी उभी होती म्हणून वहिनीनं सगळ्यांत मोठं पातेलं चढवलं. टाकी मला घेऊन हळूहळू खाली जायला लागली, झोपलेलं पोर अंथरुणावर ठेवावं तशी. मी वाकून बघितलं. तळवा राडीत गेला, मग बोटं. तेव्हा मला रडू फुटलं. स्मशानातही आलं नव्हतं. ते आलं शेणाच्या टाकीवर, आळीच्या देखत, बकरीच्या देखत.

डोळे पुसले आणि उतरायला एक पाय खाली टाकला, तर खिडकीतून वहिनी म्हणाली, "भावजी, उतरू नका. तुम्ही बसलात की जाळ मोठा येतोय."

चाचांनी दगड खाली उतरवले. म्हणाले, हा आहे तर दगड कशाला?

आळीचा चहा होईपर्यंत मी वरच. तेव्हापासून पाहुणे आले, घाई असली, की घरातून हाक येते. आज तुमचा चहा उकळेपर्यंत मी कुठं होतो, असं वाटलं तुम्हाला?