नऊ दिवस दाबून ठेवलेला मेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही मुक्ताला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय — ओळखत असतात तर हिंमत झाली नसती.

मुक्ता माझी मुलगी, एकुलती. सात वर्षांपूर्वी तिनं दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत पीएच.डी.साठी अर्ज केला. तिला नदीतल्या कासवांवर काम करायचं होतं, आणि कासवांवर काम करणाऱ्या एक मॅडम तिथं होत्या. मुलाखत झाली, आणि वाट पाहणं सुरू झालं. यादी लागणार नव्हती, ज्याचं त्याला मेलवर कळणार होतं. आणि फॉर्मवर मेल कुणाचा? माझा. शाळेपासून तिचे सगळे फॉर्म मीच भरत आलो. कारखान्याच्या ऑफिसात जन्म गेलेला माणूस मी — मुलीच्या फॉर्मवर दुसऱ्याचं अक्षर मला खपायचं नाही.

थंडीचे दिवस होते, मटारचे. संध्याकाळी मी आमच्या हिंदी मुलखातल्या, अधारतालच्या घरात पाऊल टाकलं की ती विचारायची, "बाबा, कुछ आया?"

"अजून नाही."

मग ती माझ्यासमोर मटार सोलायला बसायची. हाताला काही काम हवं म्हणून. आणि बोलायची! कसं सांगू तुम्हाला — कॉलेजात गेल्यापासून ती माझ्याशी दोन वाक्यांच्या वर बोलली नव्हती, तीही हिंदीत. आता मोडक्यातोडक्या मराठीत सांगत होती, मादी अंडी घालायला वाळूत कुठवर चढून येते ते. "बाबा, तुम्ही ऐकून राहिले ना?" ऐकत होतो. जवळच्या पनागरच्या बाजारातून पाच-पाच किलो मटार आणत होतो. बायको वैतागली. "अहो, इतके मटर काहून आणून राहिले? फ्रीजमध्ये दूध ठेवायला जागा नाही!"

मग एका मंगळवारी दुपारी, ऑफिसात, मेल आला. निवड झाली होती.

तुम्ही काय केलं असतं? लगेच फोन केला असता ना? मीही फोन लावायला घेतला — आणि खिशात ठेवला. वाटलं, आजची एक संध्याकाळ होऊ दे. घरी गेलो. तिनं विचारलं. मी म्हणालो, "अजून नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे नऊ दिवस. ती नीट जेवेना. एकदा सोलता सोलता रडली — "मेरा नहीं होगा, बाबा." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मेल खिशात होता. आणि ती माझ्याजवळ बसून रडतेय, हे मला — लिहितो ते खरं लिहितो — बरं वाटलं.

आणखी एक. मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: होकार दहा दिवसांत कळवा, मार्गदर्शक होकाराच्या क्रमानं मिळतील. मी ते वाचलं होतं. दोनदा. नियम वाचणं हीच तर माझी नोकरी.

दहाव्या दिवशी सांगितलं. स्पॅममध्ये पडला होता, म्हणालो. ती किंचाळली, नाचली, तिथल्या तिथं होकार पाठवला. मॅडमकडच्या दोन्ही जागा तोवर भरल्या होत्या. मुक्ताच्या वाट्याला माशांच्या कल्ल्यांतले जंत आले. माझा चेहरा पाहून तीच मला समजावत बसली. "अरे बाबा, तुमची काय गलती? चलो, जंत तो जंत!" आणि हसली.

त्या जंतांवर तिनं मन लावून काम केलं. कासवांचं नाव पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही.

गेल्या महिन्यात ती प्रबंधाची बांधलेली प्रत घेऊन घरी आली. पहिल्या पानावर लिहिलंय — 'माझ्याइतकीच वाट पाहणाऱ्या बाबांना.'

मी वाट पाहिली नव्हती. मला माहीत होतं.

ते पान तिनं मला सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावलं. मी वाचलं — एकदाही न अडखळता.