तळातलं गाणं

मच्छिंद्र गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच्याशीच भांडायला निघालो होतो. शिक्रापूरच्या चौकात एका ट्रेलरमागे मोटरसायकल अडकली होती आणि हेल्मेटच्या आत मी माझे मुद्दे मोठ्यानं पाठ करत होतो. शेजारच्या रिक्षातली बाई घाबरून दुसरीकडे बघायला लागली. तेवढ्यात आमचा ड्रमर रफिक याचा फोन आला. "कुठंयस? ... आधी गाडी बाजूला घे." सकाळी फुलांना पाणी देता देता मच्छिंद्र शेवंतीच्या वाफ्यात खाली बसला, तो उठलाच नाही. मी एका रसवंतीत जाऊन बसलो. खरं सांगतो, डोक्यात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. आता हा वाद मी कसा जिंकणार, असा होता.

वाद गाण्याचा होता. आमचा रॉक बँड आहे, 'खडीमशीन'. हसू नका, ऐकल्यावर नाव पटतं. रफिकचं वेल्डिंगचं दुकान, गिटारवाला प्रशांत शाळामास्तर, मी शिरूरचा फोटोग्राफर आणि गायक, आणि तळाचे, खर्जाचे सूर देणाऱ्या बेस गिटारवर खुटबावचा मच्छिंद्र. त्याचे आजोबा मेंढरांमागं हिंडले, वडिलांनी शेती धरली आणि हा सणसवाडीच्या एका कारखान्यात बाहेरून आलेला माल तपासायचा. मला तो 'नाटक्या' म्हणायचा. लग्नाच्या फोटोंतही मी नवरदेवापेक्षा जास्त दिसतो, अशी त्याची तक्रार होती.

चार वर्षं राबून आम्ही पहिला अल्बम केला, नऊ गाण्यांचा. अल्बमच्या आधी त्यातलं एक गाणं एकटंच बाहेर सोडतात, त्याला सिंगल म्हणतात. ते ऐकून लोकांनी बाकीच्या आठांकडे यावं, असा बेत. मी सुचवलं 'शेळीनं खाल्लं आधार कार्ड'. ते मी लिहिलं होतं, मीच गायचो आणि मधला बें-बें आवाजही मीच काढायचो, हा निव्वळ योगायोग. मच्छिंद्र एवढंच म्हणाला, "गानं झ्याक हाय. पर बाकीच्यांत शेळी कुठंय?"

शेळी सुटली ती अशी, की वरातीत वाजली, ट्रॅक्टरवर वाजली, माझ्या दाढदुखीच्या डॉक्टरांकडे वाजली. मग अल्बम आला. लोक धावत आले. आत बारा तासांची शिफ्ट, भाड्याच्या खोलीतला एकच पंखा, बुजवलेली विहीर ... लोकांनी दुसरी शेळी शोधली, सापडली नाही, निघून गेले. दौंडच्या कार्यक्रमात आम्ही तिसरं गाणं सुरू केलं, तर समोरून हाळी, "ओ दादा, पुन्हा शेळी सोडा!" त्या संध्याकाळी शेळी चार वेळा सोडली. चौथ्या वेळी मच्छिंद्र लोकांकडे पाठ करून वाजवत होता.

तेव्हापासून आम्हाला एक कोडं पडलं. जे गाणं अल्बम विकतं, तेच अल्बम मारतं कसं? प्रशांतला वाटे, दोष नशिबाचा. मला वाटे, दोष श्रोत्यांचा. मच्छिंद्रनं मात्र एकदा तालमीच्या खोलीत माझी उलटतपासणी घेतली.

"टमाट्याच्या क्रेटमंदी वर मोठी, लालभडक टमाटी कोन लावतं?"

"शेतकरी. तूसुद्धा लावतोस."

"लावतो की! कंपनीत पेटीचा वरचा थर गुळगुळीत कोन ठेवतं?"

"माल पाठवणारा."

"मंग मी तपासायला पीस कुठनं काढतो?"

"... तळातनं."

"व्हय. कारन माल तळात असतो. तुजी शेळी वरचं टमाटं हुतं, नाटक्या."

"अरे, पण वरचं टमाटं बघूनच गिऱ्हाईक थांबतं!"

"थांबतं. आन् घरी जाऊन शिव्या घालतं. पुन्यांदा येत न्हाई."

दुसरा अल्बम तयार झाला आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. माझ्याकडे 'सासऱ्याचा ड्रोन' होतं, म्हणजे शेळीची सख्खी बहीण. मच्छिंद्रला सोडायचं होतं त्याचं 'हमरस्ता'. मेंढरं हायवे ओलांडतात आणि दोन्ही बाजूंना ट्रक थांबून राहतात, एवढंच गाणं. सात मिनिटांचं. पहिली दोन मिनिटं तर मी तोंडच उघडत नाही! "हा अल्बम पण त्या पयल्यासारखा मातीत पुरायचा का?" एवढं बोलून त्यानं फोन ठेवला होता. म्हणून मी भांडायला निघालो होतो.

दहाव्यानंतर आम्ही तिघं खुटबावला मच्छिंद्रच्या घरी सुमनवहिनींकडे बसलो. रफिकचं म्हणणं होतं, 'हमरस्ता'च सोडू, पण वर मच्छिंद्रचा फोटो टाकू, तो गेल्याचं लिहू. लोक हळहळतील, गाणं धावेल. माझ्याकडे त्याचा फोटोही होता, देखणा. मी मान डोलावली. वहिनी फुलांची पाटी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "फोटु नका लावू, भावजी. लोकं फोटुला रडतील. गानं राहील बाजूला."

म्हणजे मी पुन्हा वरचंच टमाटं लावायला निघालो होतो. या वेळी मित्राचं.

'हमरस्ता' तसंच सोडलं. फोटो नाही, बातमी नाही. धावलं का? छे. रांगलं. शेळीच्या मानानं कुणी ऐकलंच नाही. मागोमाग अल्बमही आला. मी रोज सकाळी मोबाइल बघून ड्रोनची आठवण काढायचो, हे कबूल करतो.

गेल्या आठवड्यात दौंडला कार्यक्रम झाला. गर्दी बेताची. मच्छिंद्रच्या जागी आम्ही अजून कुणाला घेतलेलं नाही, प्रशांत जमेल तसं निभावतो. शेवटी मी सवयीनं विचारलं, "काय वाजवू?" आणि शेळीच्या तयारीत घसा साफ केला. मागून कारखान्याच्या गणवेशातला एक माणूस म्हणाला, "नव्या अल्बममधलं सहावं."

सहावं! सहाव्यापर्यंत आजवर कुणी पोहोचलंच नव्हतं. मच्छिंद्र गेल्यापासून आम्ही त्याची तालीमही केली नव्हती, कारण ते सुरू होतं एकट्या बेस गिटारनं. सोळा मात्रा फक्त मच्छिंद्र, मग आम्ही सगळे.

मी रफिककडे पाहिलं. त्यानं काठ्या उचलल्या आणि ड्रमच्या कडेवर हलक्या हातानं मात्रा मोजायला लागला. एक ... दोन ... तीन ... प्रशांतनं तारांवर हात ठेवला, वाजवलं नाही. समोरचा तो माणूस डोळे मिटून मान हलवत होता. त्याला त्या जागेतले सगळे सूर पाठ होते.

सोळा मात्रा झाल्या आणि मी गायला लागलो. जरा उशिरा आलो, मीही ऐकत होतो.