सहस्रकुंडचा खडक

काल माळ्यावरची पाण्याची जुनी छागल भिजत घातली, आणि त्या ओल्या कापडाच्या वासानं मी थेट लातूरच्या आमच्या भाड्याच्या खोलीत पोचलो.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पाऊस दुसऱ्या वर्षीही फिरकला नव्हता. आमच्या लग्नाला चार महिने झाले होते. बायकोच्या, सुमनच्या, भावाची जीप तीन दिवस मिळणार होती. नकाशा जमिनीवर पसरून मी, सुमन आणि तो, आम्ही तिघं एकमेकांच्या हातातली पेन्सिल ओढत होतो. उदगीरचा किल्ला, कंधारचा किल्ला, नांदेड आणि शेवटी इस्लापूरजवळचा सहस्रकुंड धबधबा. त्या दिवसांत पाहुण्यानं आपलं पाणी आपणच न्यायचं असा रिवाज पडला होता, म्हणून प्रत्येक मुक्कामापुढं मी लिटर लिहीत होतो. यादीत धबधब्यापाशी आलो आणि मी तो खोडला. सुमनला लहानपणापासून तोच बघायचा होता.

“नदी आटलीय,” मी म्हणालो. “कोरड्या खडकासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?”

मेहुणा हसला. “दाजी, तुमी देवाला जातानाबी लिटर मोजताल.”

सुमन हसली नाही. “अहो, पाणी असल्यावर सगळेच जातेत. पाणी पडतं ती जागा तर आत्ताच दिसंल.”

मी इस्लापूर पुन्हा लिहिलं आणि पुढं वीस लिटर मांडले.

त्या कोरड्या फेरीनंतर आम्ही तो धबधबा दोनदा भरून कोसळताना पाहिला. फेसामागचा खडक लोकांना दिसत नाही. तो कुठं कुठं झिजलाय, ते आम्हा दोघांना पाठ आहे.