फळ्याशेजारचा खिळा

नोकरीची शेवटची काही वर्षं उरली की नवं काही सुरू करायचा उत्साह राहत नाही. मला तर मुळीच नव्हता. मतदार याद्या, सर्वेक्षणं, मोबाइलवर रोज भरायची माहिती, आणि या सगळ्यातून वेळ उरलाच तर शिकवणं. शाळा सुटल्यावर शाहूपुरीतून घरी जाताना थांबून भाजी घ्यायचंही त्राण नसायचं. त्यामुळे माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीला दमा आहे असं कळलं, तेव्हा पहिला विचार आला तो हाच, की आता हेही माझ्याच गळ्यात पडणार. पडलंच.

मुलगी शहराबाहेरून, गुऱ्हाळांच्या बाजूने यायची. वडील गुळाचा टेम्पो चालवायचे, धाकटा भाऊ आमच्याच शाळेत पाचवीत होता. थंडीत तिकडे ऊस तुटला की शेतातला पाला पेटवतात. सकाळी तो धूर खाली बसलेला असतो, आणि त्यातून ही सायकल मारत शाळेत यायची. वर्गात आल्यावर बराच वेळ कुणाशी बोलायची नाही. मला आधी वाटायचं, स्वभावच घुमा असेल.

आमच्याकडे वर्ग मुलंच झाडतात. रोज एका बाकाची पाळी. झाडू इतक्या जोरात मारतात, जणू फरशीशी जुनं भांडण आहे. धुरळा बसेपर्यंत मला फळा दिसत नाही. मी तिला सांगितलं, तू झाडू नकोस. लगेच मागून आवाज आला, "तिला सूट, आन् आम्ही काय नोकर हाय व्हय?" दुसऱ्या दिवशी हीच झाडू घेऊन पुढे. "मी झाडतो बाई. मला काय झालं न्हाय." त्या वयात श्वासापेक्षा मैत्रिणींचं बोलणं मोठं असतं. मी हात टेकले.

जानेवारीतल्या एका सकाळी झाडता झाडता ती खाली बसली. खांदे वर ओढलेले, प्रत्येक श्वासाला गळ्याशी खड्डा पडत होता, ओठांचा रंग गेलेला. "पंप कुठाय तुझा?" मी ओरडलेच. एकेक शब्द तोडत ती म्हणाली, "घरात. कपाटात."

तिला रिक्षात घातलं आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. मशीन लावून नाकातोंडावाटे औषधाची वाफ दिली, तेव्हा कुठे तिच्या तोंडावर रंग आला. मी घाबरले होते, आणि घाबरले की मला राग येतो. डॉक्टरीणबाई माझ्याहून तापट निघाल्या. "पंप घरात ठेवून काय उपयोग? तो मुलीजवळ पाहिजे. आणि अगदीच जीव कासावीस झाल्यावर नाही, त्रास सुरू झाला की लगेच घ्यायचा."

तेवढ्यात तिची आई धापा टाकत पोचली. तिला विचारलं तर म्हणाली, "नवा हाय बाई पंप. शाळंत हरवंल म्हणून जपून ठेवलाय. लईच झालं तरच घ्यायचा म्हणून सांगितलंय मी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोरीची जात हाय. उद्या लगीन व्हायचं. चारचौघांत पंप वढताना कुणी बघितलं म्हंजे?" तिला पोरीचा जीव प्यारा नव्हता असं नाही. दागिना जपावा तसा तिने पंप जपला होता. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी वडील धाकट्याला हाताशी धरून आले. त्यांचं ठरलं होतं. "आत्ताच नाव काढतो बाई. सतरा नंबरचा फॉर्म भरूया. घरात बसून दहावी करंल." घरात बसून दहावी करणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. दहावी राहून जाते आणि घर तेवढं उरतं. हेडसरांना मात्र सुटल्यासारखं झालं. "बाई, उद्या आपल्या अंगावर येण्यापेक्षा हे बरं," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. माझं डोकं फिरलं. मी वडिलांना म्हटलं, वार्षिक परीक्षेपर्यंत थांबा, मग तुमच्या मनासारखं करा.

"तुमच्याकडं बघून थांबतो," ते म्हणाले. "पण पोरीला काय झालं तर?"

त्यांच्या मागे उभा राहून धाकटा कधीचा खोकत होता. याला काय झालंय म्हणून विचारलं. "त्याला काय न्हाय. सर्दी हाय," ते म्हणाले आणि त्याला घेऊन निघाले.

मग सुरू झाली माझी वणवण. डॉक्टरीणबाईंनी दोन पंप लिहून दिले, एक दप्तरात आणि एक वर्गात. हेडसर म्हणाले, औषध म्हटलं की ऑफिसच्या कपाटात, कुलपात. किल्ली क्लार्ककडे, आणि क्लार्क चहाला गेला की कधी येईल ते देवालाही माहीत नाही. मी म्हटलं, सर, दम थांबतो का क्लार्कसाठी? शेवटी शिपाईमामांकडून हातोडी मागून आणली आणि फळ्याशेजारी स्वतः खिळा मारला. वाकडाच बसला. त्यावर ब्लाऊजपीसची निळी पिशवी शिवून टांगली. आत तिचा पंप, आणि पंप लावून ओढायचा तो प्लास्टिकचा लांबुळका डबा.

झाडायची पाळी तिची काढली नाही, झाडणंच बदललं. आधी पाणी शिंपडायचं, मग ओल्या फडक्याने पुसायचं, डस्टर बाहेर व्हरांड्यात झटकायचं. सगळ्यांनी. वर्ग कुरकुरला, मग सवय झाली. डॉक्टरीणबाई एकदा येऊन पोरांना सांगून गेल्या, की दम लागलेल्याला आडवं करायचं नाही, बसतं ठेवायचं, भोवती गर्दी करायची नाही, पंप हलवून द्यायचा आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. हे सगळं शाळा सुटल्यावर, माझ्या घरी जायच्या वेळेत. नवऱ्याने विचारलं, तुला याचे वेगळे पैसे मिळतात का? मी उशी ओढून आडवी झाले.

मुलगी पिशवीकडे बघायचीसुद्धा नाही. खिळा मारून मी तिचा दमा फळ्यावर लिहून ठेवल्यासारखं झालं होतं. माझ्यावर रुसली होती, आणि मलाही वाटायला लागलं होतं, कशाला पडले मी यात?

एका सकाळी बघते तर त्याच खिळ्यावर दुसरी पिशवी. पेन्सिलींचा जुना पाऊच. आत पंप. "कुणाचा हा?" शेवटच्या बाकावरून शाळेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर उठला. दारात उभा राहिला तर उजेड अडवेल एवढा आडदांड पोरगा.

"माझा हाय बाई."

"कधीपासून?"

"सातवीपासनं."

"आणि ठेवायचास कुठं?"

"मोज्यात."

वर्ग हसला, तोही हसला. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं पोरं माझ्यासमोर बसून श्वास लपवत होती, याचं मला फार वाईट वाटलं. पुढच्या आठवड्यात आणखी एक पिशवी आली, खिडकीजवळच्या एका मुलीची. खिळा आता पार खाली झुकला होता.

मार्चमध्ये एक दिवस पहाटेपासून धूर होता. दुसऱ्या तासाला मी भूमितीची आकृती काढत होते. मागे बाक सरकल्याचा आवाज आला. ती उठली, सगळ्या वर्गासमोरून चालत खिळ्यापाशी आली, निळी पिशवी काढली, पंप घेतला आणि माझ्या खुर्चीवर बसून राहिली. कुणी हसलं नाही. एकीने न सांगता खिडकी बंद केली. थोड्या वेळाने तिच्या छातीचं वरखाली होणं निवलं, पिशवी टांगून ती जागेवर गेली. "बाई, तो कोन चुकलाय," ती तिथूनच म्हणाली. खरंच चुकला होता. मी फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले.

परीक्षा संपल्यावर वडील आले. खिशात नाव काढायच्या अर्जाचा घडी घातलेला कागद होता. त्यांच्याशी वाद घालायची ताकद माझ्यात उरली नव्हती, म्हणून त्यांना नुसतं वर्गात नेलं. बाक रिकामे होते. पिशव्या सुट्टीत घरी न्यायच्या होत्या, पण पोरांनी अजून नेल्या नव्हत्या.

"ह्यातली आमची कंची?"

"निळी."

"आन् बाकीच्या?"

"दुसऱ्या मुलांच्या. एक तर गोलकीपर आहे."

त्यांनी जवळ जाऊन पाऊच हातात घेतला, चाचपला, परत नीट टांगला. मग खिशातला कागद काढून पुन्हा घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवला.

"बाई, पाचवीच्या वर्गात असा खिळा हाय का?"

"नाही."

"तिथं बी एक मारा," ते म्हणाले. "धाकट्याला सर्दी न्हाय."

मी दमलेलीच होते. तशीच शिपाईमामांकडे हातोडी मागायला गेले.